दारातला काटा

८ ऑक्टोबर

पूर्ण विचारांती नोंदवतो की या घरात माझ्या चपला आता माझ्या राहिलेल्या नाहीत. सकाळी बंदरावर जायला निघालो (पर्यटकांचा हंगाम सुरू झाला, ही बातमी दरवर्षी याच सुमारास ताजी होते), तर उंबऱ्याबाहेर शर्मिलाच्या नाजूक पट्ट्यांच्या चपला जोडीने मांडलेल्या, आणि माझ्या रुंद, मळक्या, विश्वासू चपला तिच्या पायांतून शाळेत गेलेल्या. शेवटी न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाचे प्रतिनिधित्व केले. पत्नीचा पतीच्या पुण्यात अर्धा वाटा असतो असे काकांच्या पाठशाळेत शिकलो होतो. पादत्राणांबद्दल मला तरी वचन सापडलेले नाही.

संध्याकाळी हे तिच्या कानावर घातले. तिसरीच्या वह्या तपासता तपासता म्हणाली, "माका पायाक त्योच बऱ्यो वाटतत. तुमका कित्याक होयत? तुमी खुर्चयेर बसान बातम्यो लिवतास."

खुर्चीचा मुद्दा मी मान्य केला. शिवाय जिने स्वतःचे मूत्रपिंड काढून मला दिले, तिच्याकडे चपला परत मागायच्या त्या कोणत्या तोंडाने? म्हणून ही फिर्याद इथे.

कोल्हापुरातल्या त्या शस्त्रक्रियेला दोन पावसाळे उलटले. माझी मूळची दोन्ही डॉक्टरांनी काढली नाहीत. ती आत सेवानिवृत्तांसारखी बसून आहेत. म्हणजे माझ्या पोटात तीन, तिच्या पोटात एक. संस्कृतात वृक्क म्हटले की डोळे, कान, हात यांच्यासारखे द्विवचनात चालवावे. आमच्या घरात द्विवचन कोणाचेच उरले नाही. मी बहुवचनात गेलो, ती एकवचनात.

हेही तिला ऐकवले.

"बरां. एकवचनान भाजी केल्यान हा, ती आता बहुवचनान गिळा."

भाजीत मीठ नव्हते. माझ्या भाजीत ते नसतेच. ती मात्र पानात लोणच्याची मोठी फोड घेऊन बसते.

१६ ऑक्टोबर

परके मूत्रपिंड शरीराने हाकलून देऊ नये म्हणून दारावरच्या पहारेकऱ्याला रोज गोळ्या देऊन डुलकी घ्यायला लावतात, हे प्रत्यारोपणाचे सार. मग त्याच दाराने चोरही येऊ शकतात. म्हणून कच्चे मासे, मांजर, विहिरीचे पाणी, कुंड्यांतली माती, सगळ्यांपासून मला दूर ठेवले आहे. मी आज्ञाधारक आहे. आज जे झाले ते आज्ञाभंगात मोडत नाही, हे कोणीही निष्पक्षपाती माणूस मान्य करील.

शेजारचे साल्वादोर सर निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. हल्ली ते कोळंबच्या खाडीवर गरी टाकून बसतात. त्यांनी पकडलेल्या शेंगट्या पिशवीत भरून आमच्या दाराच्या कडीला अडकवल्या आणि ते घरी गेले. थोड्या वेळाने पाहतो तर सरांच्या पत्नी बर्थाबाई यांचे मांजर मागच्या दोन पायांवर उभे राहून पिशवीची चौकशी करते आहे. मी पिशवी उचलून वर धरली, इतकेच. प्लास्टिकमधून काटा आला तो थेट तर्जनीत. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेंगटीच्या पाठीवरचा काटा विंचवाची बरोबरी करतो, हे ठाऊक असणे वेगळे आणि बोटात असणे वेगळे.

आरडाओरडा ऐकून बर्थाबाई गरम पाण्याचे भांडे घेऊन धावत आल्या. "हात घाला हेच्यात, घाला! साल्वादोर, मेल्या, काटे मोडूक काय झाला तुका?"

"इसारलंय गो," सर म्हणाले. मग मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, रडू नकात. शेंगटीन तुमका वळकल्यान."

दुपारपर्यंत ठणका गेला. शर्मिला शाळेतून आली तेव्हा बोटावर टिंबाएवढी खूण होती. तिला सगळे सांगितले. तिने बोट उलटसुलट पाहिले आणि मला सोडून मांजराला शिव्या घातल्या.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तर्जनीवर वाटाण्याएवढी जांभळट गाठ आली आहे. दुखत नाही. टंकलेखन करताना मात्र दर वाक्यात अडखळतो. माझी वाक्ये त्यामुळे आखूड झाली, आणि उपसंपादकाने "भाषा सुधारली" असे कळवले.

पाडव्याला शर्मिलाच्या पायात जोडवी दिसली नाहीत. "घट्ट होतत," म्हणाली. सोने महाग, चांदी महाग, आणि घरातली चांदी घट्ट. सोनाराकडे सैल करून घे म्हटले तर म्हणे नाताळाच्या सुट्टीत बघू.

२१ नोव्हेंबर

काल कोल्हापूर. बोटावरची गाठ एकटी राहिली नाही. मनगटाकडे, तिथून कोपराकडे तशाच गाठी एका ओळीत निघाल्या आहेत, जणू कोणी हातावर अनुस्वार देत चालला आहे. फोंडाघाटाच्या वळणांवर शर्मिला माझा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटले, "माणसां बगतत." ती म्हणाली, "बगांदेत. अर्धो माल माजोच आसा."

आमच्या डॉक्टर गित्ते मूळच्या बीडकडच्या. तरुण, गंभीर आणि कमालीच्या कष्टाळू. रुग्णालयात शिरलो की शर्मिला आणि मी दोघेही आपोआप पुस्तकी मराठीत शिरतो. कचेरी आणि इस्पितळ या दोन ठिकाणी मालवणी बोलले तर काम होत नाही, असा आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांचा समज आहे.

"काही टोचलं होतं का या बोटाला? काटा वगैरे?"

"हो. काटा लागला होता."

"कुठे?"

"दारातच."

"पूर्ण निघाला होता?"

"लगेच."

"बागकाम करता?"

"मला मनाई आहे. पण आमच्याकडे दारात माड, अबोली, सगळे असतेच."

त्यांनी झरझर लिहून घेतले. प्रश्न नेमका, उत्तर नेमके. वार्ताहराला समाधान वाटावे अशी मुलाखत. शर्मिला तेवढा वेळ बाहेर औषधांच्या खिडकीपाशी होती. बाई म्हणाल्या की काट्यातून एक बुरशी शिरते आणि ती अशीच ओळीने वर चढते. मला हे नवीन होते. समुद्राच्या पाण्यातही बुरशी धरते तर! एका गाठीचा तुकडा तपासायला काढला आणि बुरशीच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी माझ्या नेहमीच्या गोळ्यांचा जोर वाढतो, म्हणून त्यांची मात्रा आधीच कमी करून दिली. किती सावध बाई!

निघताना त्या शर्मिलाला म्हणाल्या, "ताई, तुमची वार्षिक तपासणी राहिलीय. दात्यांचीही करायची असते."

"पुढच्या खेपेला नक्की. आता गाडी चुकेल."

गाडीला वेळ होता. तिला घरी पोचायची घाई असणार, पोरांच्या चाचण्या आहेत.

५ डिसेंबर

गाठी तशाच. एक फुटली. हात थरथरतो. अक्षर बघूनच कळेल. आणि आज रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडाचा आकडा चढला आहे. डॉक्टरांनी फोनवर उद्या दाखल व्हा म्हणून सांगितले. "शरीर मूत्रपिंड नाकारतंय की हा औषधांचा परिणाम आहे, ते बघावं लागेल," असे त्या म्हणाल्या, आणि मी धन्यवाद म्हटले. दुसरे काय म्हणतात अशा वेळी?

शर्मिला पिशवी भरते आहे. मी विनोद शोधतो आहे आणि सापडत नाही. दोन वर्षे तिने उकळलेले पाणी, झाकलेले ताट, वेगळा टॉवेल असे करत जे जपले ते एका बोटाच्या वाटेने जाणार असेल, तर तिच्यापुढे मी काय तोंड दाखवू? तिची वस्तू. मला जपायला दिली होती.

९ डिसेंबर, कोल्हापूर

हात अजून थरथरतो, पण आज हसण्याने. सविस्तर लिहितो.

सकाळी डॉ. गित्ते आल्या. तीन रात्री न झोपलेला चेहरा. तुकड्यात बुरशी उगवली नव्हती, काहीच उगवले नव्हते. म्हणाल्या, "मला वाटतं, काट्याचा कण आत राहिला असावा. बाभळीचं लाकूड कधीकधी सोनोग्राफीत नीट दिसत नाही."

"लाकूड?" मी म्हटले.

शर्मिला स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. ती उठून उभी राहिली, आणि तिचे पुस्तकी मराठी तिथल्या तिथे गळून पडले.

"लाकूड खंयसून इला? शेंगटीक लाकूड आसता?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागल्या. "शेंगटी म्हणजे... शेवग्याची?"

"मासो गो बाये, मासो! शेंगटी म्हणजे मासो! तेचो काटो लागलो ह्यांका!"

शेजारच्या खाटेवरचे आजोबाही उठून बसले.

"पण तुम्ही काटा म्हणालात," डॉक्टर मला म्हणाल्या.

"काटाच लागला."

"मग मासा का नाही म्हणालात?"

"मासा लागला असे कोण म्हणते?"

"दारात म्हणालात!"

"दारातच. कडीला टांगला होता."

त्यांनी डोळे मिटले. "अहो, आमच्या बीडला काटा म्हणजे बाभळीचा."

"आणि मालवणात काटा म्हणजे माशाचा. बाभळ आम्ही घाट चढून आल्यावर बघतो."

आयुष्यभर मी लोकांना शिकवत आलो की श्लेष हा अलंकार आहे. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही शोभून दिसतात. हा श्लेष मी नकळत माझ्याच केसपेपरवर चढवला होता.

त्यानंतर डॉक्टर जवळजवळ धावतच बाहेर गेल्या. पॅसेजमधून त्यांचा आवाज येत होता. "राहिलेला तुकडा आहे का अजून? नाहीतर मी आत्ता नवीन पाठवते... हो, माशाचा काटा. नाही, नेहमीच्या पेटीत नको, गार पेटीत ठेवा!"

परत येऊन त्यांनी समजावले ते असे. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ पाण्यात आणि माशांच्या अंगावर राहतो. धडधाकट माणसाच्या बोटात शिरला तर बोटापुरताच रेंगाळतो. पण पहारेकरी डुलक्या घेत असला की हातभर चढतो, आणि दुर्लक्ष झाले तर पुढेही. शरीराच्या उबेत त्याचे जमत नाही, त्याला गारवा लागतो. म्हणून तर तो बोटात राहतो, आणि म्हणूनच प्रयोगशाळेच्या उबदार पेटीत तो उगवलाच नाही. मासा हा शब्द कानावर आल्याशिवाय त्याला गार जागी शोधायला कोणी जात नाही.

बुरशीच्या गोळ्या तत्काळ बंद. त्या गोळ्यांनीच, मात्रा कमी करूनही, माझ्या नेहमीच्या औषधाचा जोर बेसुमार वाढवला होता. थरथर त्याची, चढलेला आकडाही बहुधा त्याचाच. "बहुधा" हा शब्द मी दिवसभर गोळीसारखा चघळतो आहे.

शर्मिला डॉक्टरांची माफी मागत होती, त्यांना "गो बाये" म्हटल्याबद्दल. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही असंच बोला माझ्याशी. आधी बोलला असतात तर बरं झालं असतं."

१४ डिसेंबर

आकडा उतरला! पूर्ण नाही, पण उतरला. नाकारलेले नाही. घरी आलो. मी तो अहवाल देवापुढे ठेवला. ती म्हणाली, "देवाक काय कळता तेतुरला? हय द्या." मग तिने स्वतः तीनदा वाचला.

२६ डिसेंबर

काल नाताळ, साल्वादोर सरांकडे. बर्थाबाईंच्या नेवऱ्या आणि काळ्या गुळाचे, नारळाच्या रसातले दोदोल. मला मोजून एकेक, तेही शर्मिलाच्या देखरेखीखाली. जेवणाआधीच डॉक्टरांचा फोन आला होता. गार पेटीत तो उगवला. तोच तो. त्याचे शास्त्रीय नाव सांगितले आणि मी ते सरांपुढे वाचून दाखवले. आडनाव मारिनुम.

"मारिनुम?" सर म्हणाले. "मार म्हणजे लातिनात दर्या. आमच्या सायबिणीक, म्हंजे देवमातेक, आमी दर्याचो तारो म्हणतो, ता ह्याच मार. बगलास, शास्त्रीबुवा? तुमच्या बोटाक संस्कृतान नाय, लातिनान धरल्यान."

मी म्हटले, संस्कृतात असता तर त्याला सामुद्रिक म्हटले असते, आणि हात बघून भविष्य सांगायला बसवले असते. सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "काटे मोडूक होये होते मिया." मी त्यांचा हात धरला. माणसाने शेजाऱ्याला मासे आणून द्यावेत आणि वर माफीही मागावी, हे जास्त होते.

औषधे दोन, आणखी काही महिने घ्यायची. नेहमीचे क्षयाचे मोठे औषध मला चालत नाही, ते माझ्या गोळ्याच खाऊन टाकते म्हणे. पण डॉक्टरांनी दुसरी वाट काढली आहे, आणि सगळ्यात खालची गाठ मऊ पडली आहे.

बायका आत बोलत होत्या. बर्थाबाई शर्मिलाला म्हणत होत्या, "पाय बग गो तुजे, पाव फुगतत तशे फुगलेत." शर्मिला म्हणाली, "दिसभर फळ्याफुडे उभी रवतंय, आणि काय होतला?" आम्ही इकडे लातिनात होतो.

४ फेब्रुवारी

काल पुन्हा कोल्हापूर. सगळ्या गाठी बसल्या. तर्जनीवर तपकिरी डाग आहे, तो राहील म्हणतात. आकडा जागेवर. डॉक्टर गित्ते पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यापासून मला सवय लागलीय. कोणी काटा म्हणालं की मी विचारते, कुठला काटा? कोणी पाणी म्हणालं की कुठलं पाणी?"

मी म्हटले, "नामाला विशेषण मागता, उत्तम. आमचा उपसंपादक विशेषणे काढतो."

हे बोलणे चालू असताना त्यांची नजर खाली गेली.

"ताई, या चपला कुणाच्या?"

"ह्यांच्या," शर्मिला म्हणाली.

"का?"

"बऱ्या पडतात."

"का बऱ्या पडतात?"

शर्मिलाने पाय मागे घेतले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले. खुर्ची, बातम्या, पादत्राणांवरचे धर्मशास्त्र, सगळे तयार होते. डॉक्टर खाली वाकल्या आणि तिच्या घोट्याशी अंगठा दाबून उचलला. खळगा पडला. तो भरेना.

"जोडवी?"

"घट्ट होतात."

"कधीपासून?"

शर्मिलाने माझ्याकडे पाहिले. त्या एका नजरेत ऑक्टोबरपासूनचे सगळे होते. चपला, जोडवी, स्टुलावरचे पाय, न चुकलेली गाडी, बर्थाबाईंचे पाव. हे सगळे मी पाहिले होते, काही तर याच पानांवर विनोद म्हणून लिहूनही ठेवले होते. का बऱ्या पडतात, असे मी विचारले नव्हते.

"अगो, सांगूचा नाय?" मी म्हटले. डॉक्टरांसमोर, मालवणीत.

"तुमचो हात असो झालेलो," ती म्हणाली. "तेतूर माजी पिरपिर खंय लावू?"

तिथेच रक्त घेतले, रक्तदाब घेतला. या खेपेला गाडी खरोखरच चुकली.

७ फेब्रुवारी

अहवाल आले. तिचे मूत्रपिंड व्यवस्थित काम करते आहे. हे वाक्य मी डॉक्टरांना फोनवर पुन्हा म्हणायला लावले. रक्तदाब मात्र चढलेला आहे, आणि लघवीत थोडी प्रथिने उतरतात. एक गोळी सुरू केली, मीठ कमी करायचे, दर तीन महिन्यांनी तपासायचे. "वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "एका मूत्रपिंडावर माणसं म्हातारी होतात, आजोबा-आजी होतात. घाबरू नका." मी घाबरलो नाही असे सांगितले.

लोणच्याची बरणी बर्थाबाईंकडे पोचती केली. आता दोघांच्याही भाजीत मीठ नाही. शर्मिला पहिला घास घेऊन म्हणाली, "शी, ह्या तुमी दोन वर्सां कशे खाल्ल्यात?" मला फार बरे वाटले.

११ फेब्रुवारी

बाजारातून तिच्यासाठी रुंद पट्ट्यांच्या, एक माप मोठ्या चपला आणल्या. तिने घालून अंगणात दोन चकरा मारल्या, माडापर्यंत आणि परत. "बऱ्यो आसत," म्हणाली. गोळीने पायही थोडे उतरले आहेत.

माझ्या चपला आज सकाळी उंबऱ्याबाहेर, माझ्या जागी, जोडीने होत्या. ऑक्टोबरात केलेल्या फिर्यादीचा निकाल माझ्या बाजूने लागला आहे. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि बंदरावर उशिरा पोचलो.

आता अलंकार न घालता लिहितो. हात बरा झाला, आकडा जागेवर आहे, माझी मला काळजी उरलेली नाही. काळजी वाटते ती तिच्याजवळ उरलेल्या एकाची. त्याला उद्या काही झाले, तर माझ्या पोटात तीन असूनही तिला द्यायला त्यातले चालू एकच आहे, आणि ते तिचेच आहे.